तीन मोजेपर्यंत

फॅनबेल्ट अंगावर पडतो तेव्हा आवाज आधी येतो आणि आग मागाहून. हे मला भावाच्या तोंडून आठव्या वर्षापासून ठाऊक आहे, म्हणजे पाढे नीट पाठ होण्याच्याही आधीपासून. आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, नाशकात द्वारकेजवळ गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्याच दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. अण्णा, आई, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा वसंतदादा आणि मी. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच, पत्र्याचा आडोसा होता. त्याला गॅरेजच्या बाजूने एक खिळा ठोकलेला आणि खिळ्यावर तो झिजलेला पट्टा. गाडीतून तो कधीच निवृत्त झाला होता. आमच्याकडे मात्र त्याची नोकरी चालू होती.

पत्र्याच्या अलीकडे आई भाकरी थापायची आणि पलीकडे अण्णा घण घालायचे. दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळलेले की लहानपणी मला वाटे, भाकरी थापायची तर मागे घण वाजावाच लागतो. आईच्या हातची शेंगोळी सगळ्या गल्लीत नावाजलेली. हुलग्याच्या पिठाची, लसणाची फोडणी दिलेली, वर तिखटाचा लाल तवंग. पण आमच्याकडे ती खायची कशी, तर पत्र्यापलीकडे कान लावून. घणाचा आवाज एका लयीत असला की समजायचं, काम नीट चाललंय, खुशाल जेवा. लय तुटली, पाना फरशीवर आदळला, की आई हातातलं पीठ परातीत सोडून उठायची आणि घासलेटचा स्टो बारीक करायची. स्टो का बारीक करायची ते मी तिला कधी विचारलं नाही. आता मला वाटतं, घरातली एक तरी आग आपल्या हाताने कमी करता येते, एवढंच तिला समाधान असावं.

अण्णा दारू पीत नव्हते, जुगार खेळत नव्हते. लोक म्हणत, देवमाणूस. त्या देवाचा नैवेद्य वसंतदादा होता. दुरुस्त करून दिलेली गाडी परत आली की पट्टा खिळ्यावरून खाली यायचा, असा आमच्याकडचा कायदा. चूक कोणाची, हे बघायची पद्धत नव्हती. गॅरेजमध्ये काम करणारे दोघंच, अण्णा आणि दादा, आणि अण्णा चुकत नसत. मग उरलं कोण? दादा वीस वर्षांचा झाला होता, मिसरूड फुटलं होतं, तरी तो पाठ वळवून उभा राहायचा आणि दोन्ही हातांनी बाकडं धरायचा. मला त्याच्या त्या उभं राहण्याचा इतका राग यायचा की माराच्या आवाजापेक्षा तो राग जास्त लागायचा.

पण कारागीर म्हणून अण्णा अस्सल, हे मला म्हणावंच लागेल. आज आमच्याच गॅरेजात माझा भाचा गाडीला वायर जोडतो, पडद्यावर आकडे येतात आणि तो मला म्हणतो, “आत्या, सेन्सर गेलाय.” अण्णांकडे आकडे सांगणारं काही नव्हतं. त्यांच्याकडे उजवा तळहात होता. चालून आलेल्या गाडीचं बॉनेट उघडायचं आणि प्रत्येक भागावर हात ठेवून मोजायचं. एक, दोन, तीन. तीन मोजेपर्यंत हात राहिला तर तो भाग ठीक. त्याआधी काढावा लागला तर तिथे उष्णता फाजील आहे, म्हणजे रोग तिथेच कुठेतरी. “डोळे फसतात, कान फसतात, कातडं फसत नाही,” असं ते म्हणत. त्यांच्या तळहाताची कातडी चपलेसारखी जाड होती, तरी तिला लहान मुलाला ताप आहे की नाही तेसुद्धा बरोबर कळायचं. मला गोवर आला होता तेव्हा तोच हात माझ्या कपाळावर रात्रभर होता. हेही खरं आहे, आणि त्याने पुढचं काही सोपं होत नाही.

मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी चैत्रातच नाशिक तापलं होतं. सायखेड्याचे एक बागाईतदार होते, नाव त्यांचं विठ्ठलराव, पण सगळे आबा म्हणत. त्यांची पेट्रोलची जुनी जीप आमच्याकडे यायची. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पोचवणारा मुठीएवढा पंप असतो, तो त्या जीपमध्ये इंजिनच्याच अंगाला बोल्टने बसवलेला होता. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बोटाएवढं जाड काळं पॅकिंग होतं, बेकेलाइटचं. ते तडकलं होतं आणि तिथून तेल झिरपत होतं. बाजारातून तसलंच नवं आणायचं, की झालं. पण अण्णांना बाजारी वस्तूंचा तिटकारा. त्यांनी ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला, दिवसभर कानशीने घासला आणि त्याच मापाची चकचकीत प्लेट बनवली. “बेकेलाइट तडकतं. हे सात जन्म टिकेल,” म्हणाले. प्लेट खरोखर देखणी होती. ती घालून पंप दादाने बसवला, अण्णांनी बोल्ट तपासले आणि जीप गेली.

आठ दिवसांत परत आली. आबा म्हणाले, “निफाडच्या बाजारात च्या प्यायला थांबलो, परत बसलो, तं चालूच व्हईना. तासाभरानं आपोआप चालू झाली. लय नाटकी गाडी करून दिली तुमी.” अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी सेल्फ मारला. पहिल्या झटक्याला चालू. कार्ब्युरेटर उघडला, स्वच्छ. प्लगला ठिणगी झकास. टाकी निम्मी भरलेली. दोष सापडला नाही, म्हणजे दोष दादाचा. चार फटके. पुढच्या आठवड्यात जीप पुन्हा आली, पुन्हा तीच कहाणी, पुन्हा गार सकाळी तपासणी, पुन्हा पहिल्या झटक्याला चालू. या खेपेला फटके मी मोजले नाहीत. आईने स्टो बारीक केला.

दादा त्या दुपारी जेवायला बसला तेव्हा पाठ भिंतीला टेकवत नव्हता. मी वरणाचं पातेलं उतरवत होते. चिमटा सापडेना म्हणून पदराने धरायला गेले, पदर निसटला आणि ॲल्युमिनियमच्या कडेने बोटं अशी भाजली की मी ओरडलेच. शेजारच्या चुलीवर कुकर होता. तोही तेवढाच तापलेला, पण त्याचा काळा दांडा मी उघड्या हाताने धरला आणि कुकर सहज उतरवला. उतरवला आणि तशीच उभी राहिले. त्या दांड्याला तापल्यावर एक वास येतो. तो वास मला ओळखीचा वाटला. मी पत्र्यापलीकडे जाऊन भंगाराच्या डब्यात हात घातला, ते तडकलेलं काळं पॅकिंग काढलं आणि स्टोवर जरा शेकलं. तोच वास. एका बाजूने ते धुरकटायला लागलं तरी दुसरी बाजू माझ्या चिमटीत गारच होती.

सतरा वर्षांच्या मुलीला जेवढं कळायला हवं तेवढं मला कळलं. ते पॅकिंग तेल अडवायला नव्हतंच, इंजिनची उष्णता अडवायला होतं. आणि अण्णांची देखणी प्लेट ती उष्णता सरळ पंपात नेऊन ओतत होती. गाडी पळत असली की वारा लागतो, पेट्रोल वाहतं राहतं, तोवर निभावतं. गाडी थांबली की पंप पातेल्यासारखा तापतो, आतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफेला काही पंप ओढू शकत नाही. तासाभराने गार झालं की सगळं पहिल्यासारखं. अण्णा रोज सकाळी गार गाडीत रोग शोधत होते. गरम गाडीवर हात ठेवला असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता. पण आपल्या हाताने बनवलेल्या वस्तूवर ते कशाला हात ठेवतील?

मी दादाला सांगितलं. तो घास चावता चावता थांबला, पॅकिंग हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “बरोबर आहे तुझं.” मग ते माझ्या हातात परत दिलं. “पण अण्णांची प्लेट चुकली, हे मी सांगू? वेडी का तू?” आईला सांगितलं तर ती म्हणाली, “कुसुम, अण्णा तुझ्यावर अजून हात उचलत नाहीत. ते तेवढं राहू दे.” आणि मी राहू दिलं. आज वयाची पासष्टी उलटल्यावर लिहिताना हेच वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मला रोग माहीत होता आणि मी नऊ दिवस गप्प बसले.

दहाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला जीप आली ती हॉर्न वाजवतच. आबा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. निफाडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागतं, तिथे ते फाटक उघडायची वाट बघत उन्हात उभे होते, इंजिन चालू ठेवून. फाटक उघडलं, गाडी पुढे घेतली आणि बरोबर रुळांवर आल्यावर बंद पडली. मांडीवर तीन वर्षांची नात. “पोरीला गेटमनच्या अंगावर फेकली मी!” आबा ओरडत होते. “फेकली! मानसांनी गाडी ढकलून काढली. काढली आन् मागून मनमाडकडची गाडी गेली. अण्णा, आज माही नात गेली आस्ती. कोनी बसवला ह्यो पंप? कोनी?”

अण्णांनी जीपमध्ये बसून सेल्फ मारला. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा मारला. पुन्हा. तो रोग पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांसमोर हजर झाला होता. त्यांनी बॉनेट उघडून कार्ब्युरेटरजवळची नळी सोडली, आणि नळीतून पेट्रोल आलंच नाही, दोन थेंब थुंकल्यासारखे उडाले आणि फस्स करून वाफ आली. आबा म्हणाले, “आडात हाय तरी पोहऱ्यात येत नाय, आसं कुठं आस्तं का?” अण्णांनी वळून दादाकडे बघितलं. “पंप तू बसवलास,” म्हणाले, आणि खिळ्याकडे गेले.

मी पत्र्याच्या फटीतून बघत होते. दादा नेहमीसारखा बाकडं धरून उभा राहिला. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर, तिसरा कानावर. कानातून रक्त आलं. आबा सुद्धा म्हणाले, “आरे, बास, बास,” पण ते आता अण्णांना ऐकू येत नव्हतं. पट्टा हातातून निसटला तर त्यांनी दादाला दंडाला धरून फेकला. दादा बाकड्यावर आपटला, बाकड्याला काम घट्ट धरून ठेवायचा लोखंडी वाइस होता, त्याच्यावर त्याचं मनगट आडवं आलं. कट्ट असा आवाज झाला. वाळलेली काडी मोडल्यासारखा, इतका साधा. दादा खाली बसला आणि मग आडवा झाला. मनगटापुढचा हात भलत्याच बाजूला बघत होता. अण्णांनी वाकून पट्टा परत उचलला.

मी कधी बाहेर आले ते मला आठवत नाही. मधे उभी होते एवढं आठवतं. “अण्णा,” मी म्हटलं, “पंपाला हात लावला का?”

“आत जा.”

“हात लावला का तुम्ही? तीन मोजले का?”

पट्टा माझ्या खांद्यावर पडला. आधी आवाज, मग आग. आयुष्यातला माझा पहिला आणि शेवटचा. मी त्यांचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलं, जीपपर्यंत ओढलं आणि तो तळहात त्या पंपावर दाबला. माझं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. “एक,” मी म्हटलं. अण्णांचं तोंड उघडलं. “दोन.” ते दीडशे किलोचं इंजिन साखळीने एकट्याने वर घेणारे गृहस्थ. माझ्यासारख्या काटकुळ्या पोरीला त्यांनी एका झटक्यात भिरकावलं असतं. भिरकावलं नाही. का नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दोन म्हणेपर्यंत त्यांना रोग कळला असेल, की स्वतःचाच तीन मोजायचा कायदा मोडणं जमलं नसेल, की आणखी काही. “तीन,” मी म्हटलं.

आणि हात सोडला नाही. चार म्हटलं. पाच म्हटलं. जळक्या कातडीचा वास आला, तोही मला स्वयंपाकघरामुळे ओळखीचा होता. सहा. आई पत्र्याशी येऊन “कुसुम! कुसुम!” करून ओरडत होती. सात म्हटलं आणि मग सोडला. अण्णांनी हाताकडे बघितलं. तळहाताची वरची कातडी पंपावरच राहिली होती.

मी बादलीत गोणपाट भिजवला आणि पंपावर टाकला. चर्र आवाज झाला, वाफ उठली. सोडलेली नळी मी माझ्या हाताने बसवली. “आबा, जरा थांबा आणि मारा सेल्फ,” मी म्हटलं. आबांनी मारला. दोन वेळा घरघर झाली आणि तिसऱ्या वेळी जीप चालू झाली. ते काळं पॅकिंग नऊ दिवस माझ्या परकराच्या खिशात होतं. ते मी अण्णांच्या डाव्या हातात ठेवलं. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग खाली पडलेल्या दादाकडे बघितलं, आणि एकदम मटकन जीपच्या चाकाशी बसले. रडले नाहीत. माफी तर त्यांच्या घराण्यातच नव्हती.

दादाला दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी नव्हती. तीच जीप होती. आबांनी नातीला माझ्या आईकडे दिलं आणि स्टीअरिंगवर बसले. मागे दादा, त्याचा हात पाटावर बांधलेला, आणि मी, पायांत पाण्याची बादली. अण्णांना चल म्हणायला कोणी गेलं नाही, तेही उठले नाहीत. बॉनेट आम्ही काढूनच ठेवलं होतं. दर चौकात गाडी थांबली की मी उडी मारायची, गोणपाटावर पाणी ओतायचं आणि परत चढायचं. शालिमारच्या गर्दीत तीनदा उतरले. लोक हसत होते. आबा वळून म्हणाले, “पोरी, तुहा बाप लय हुशार. तू त्याच्याहून हुशार. पन आदी बोलायला काय झालं होतं गं तुला?”

दादा डोळे मिटून पडला होता. मला वाटलं शुद्ध हरपली. मग हळूच म्हणाला, “कुसुम, मी खाली पडून ऐकत होतो.”

“काय?”

“तू मोजत होतीस ते.” जरा दम घेतला. “तीनला सोडायचं होतं गं.”

ज्याचा हात मोडला तो हे म्हणत होता. मी बादलीत बघत राहिले. खरं सांगायचं तर तेव्हा मला सातचाही पश्चात्ताप नव्हता, दहापर्यंत मोजायला हवं होतं असंच वाटत होतं.

दादाचं मनगट जुळलं, पण वाकडं. हात बरा झाल्यावर तो मनमाडला गेला, तिथे रेल्वेत लागला आणि गॅरेजची पायरी पुन्हा चढला नाही. मुलाला मात्र पुढे शिकायला माझ्याकडेच पाठवलं. फॅनबेल्ट आईने दुसऱ्याच दिवशी बंबात घातला. रबराचा काळा धूर दिवसभर घरात होता. अण्णांचा तळहात दोन महिन्यांनी भरला. वर गुळगुळीत, गुलाबी, चकाकणारी कातडी आली, त्यांच्या त्या प्लेटसारखीच. मग एके दुपारी गरम गाडी आली. अण्णांनी बॉनेट उघडलं, इंजिनवर हात ठेवला, आणि ठेवूनच राहिले. तीन झाले, सहा झाले, दहा झाले. त्या कातडीला काही कळतच नव्हतं. डावा हात त्यांनी लावून बघितला, पण तो अडाणी होता.

त्यांनी हाक मारली. आई नेहमीप्रमाणे स्टोकडे धावली. मी बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, इंजिनकडे बघत होते. “कुसुम,” म्हणाले, “जरा हात लाव.”

पुढची अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, गॅरेजात आलेल्या प्रत्येक गरम गाडीवर मी हात ठेवला आणि ते शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सगळी विद्या त्यांनी मला तशी शिकवली. मी मोठ्याने मोजायचे, त्यांना ऐकू जावं म्हणून. एक, दोन, तीन. चार मी त्यांच्यासमोर पुन्हा कधीही म्हटलं नाही.